स्मार्ट काटा पाच महिने वापरला. आता तो शिवणयंत्राखाली असतो

हा वजनकाटा घरात आला तो आमच्या ह्यांच्यासाठी. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, रोज नोंद ठेवायला सांगितली, म्हणून ह्यांनी साधा काटा न घेता फोनला जोडला जाणारा घेतला. काचेचा, चौकोनी, वर धातूच्या चार चकचकीत पट्ट्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही. या जातीचे बहुतेक काटे एकाच तऱ्हेने चालतात. ह्यांच्या कामाला तो आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात आणखी दोघं आहेत, थोरला पंधरा वर्षांचा आणि धाकटी बारा वर्षांची, आणि त्या दोघांच्या बाबतीत या काट्याने जे केलं ते सांगायला बसले आहे.

आधी चांगलं सांगते. मी शिवणकाम करते. बावीस वर्षं माणसांची मापं घेते आहे, त्यामुळे मापाची कुठलीही वस्तू घरात आली की मी आधी तिचीच परीक्षा घेते. कापडी टेप जुनी झाली की ताणते, आणि ताणलेल्या टेपने घेतलेल्या मापाची कॉलर गळ्याला बसत नाही. म्हणून मी दर सहा महिन्यांनी टेप लोखंडी पट्टीला लावून बघते. तसंच इथे केलं. थोरल्याचे पाच-पाच किलोचे दोन डंबेल काट्यावर ठेवले. १०.०. उचलले, पुन्हा ठेवले. १०.०. तिसऱ्यांदा १०.१. एवढं मला चालतं. मग काटा चटईवर ठेवून बघितला तर माझं स्वतःचं वजन एका झटक्यात दीड किलोने उतरलं! काट्याच्या चार पायांत वजन ओळखणारे भाग असतात, खाली मऊ असेल तर त्यांच्यावर भार नीट येत नाही. फरशी कडक आणि सपाट हवी. हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे, पण पुस्तिका कोण वाचतं.

आणखी एक सोय यात आहे ती मला फार आवडली. बाळाचं वजन करायचं असेल तर आधी आपण एकटं उभं राहायचं, मग बाळाला घेऊन. वजाबाकी तो स्वतः करतो. आमच्याकडे बाळ नाही. मी कापडाचे गठ्ठे करते त्यावर.

आता मुख्य गोष्ट. हा काटा नुसतं वजन सांगून गप्प बसत नाही. फोनवर त्याचं एक अॅप आहे, आणि त्यात एका वेळी तेरा आकडे येतात: वजन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा), चरबीचे टक्के, स्नायू, हाडं, पाणी, आणि ‘शरीराचं वय’ नावाचा एक अजब प्रकार. प्रत्येकापुढे रंगाची पट्टी. हिरवा म्हणजे ठीक, निळा म्हणजे कमी, लाल म्हणजे जास्त. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं उघडता येतं. ह्यांनी हौसेने पहिल्याच रविवारी चौघांची खाती उघडली. वय १२ टाकलं तेव्हा अॅपने काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. पुस्तिकेच्या मागच्या पानांत, बॅटरी कशी टाकून द्यावी त्याच्या खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती: अठरा वर्षांखालील व्यक्तींसाठी चरबीचं मोजमाप विश्वसनीय नाही. ती ओळ मला दीड महिन्याने सापडली. ती ओळ पुस्तिकेत लिहिणाऱ्यांना अॅपमध्ये वय टाकताना दाखवता आली नसती?

त्या रविवारचे निकाल. थोरला: उंची १६८ सेंटिमीटर, वजन ४९ किलो, बीएमआय १७.४, निळी पट्टी, ‘वजन कमी’. आणि ‘शरीराचं वय’ ९ वर्षं. तो दिवसभर हसत होता, पण संध्याकाळी आरशासमोर शर्ट काढून दंड बघत उभा राहिलेला मी पाहिला. धाकटी: उंची १४९, वजन ४४, बीएमआय १९.८, हिरवी पट्टी. पण चरबी २८ टक्के, लाल. ती हसली नाही. फोन खाली ठेवला आणि खोलीत गेली.

थोरल्याची निळी पट्टी मुळातच चूक आहे, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे गणित मांडलं, तेही मोठ्या माणसांच्या गटांचा अभ्यास करताना. १८.५ च्या खाली कमी, २५ च्या वर जास्त, या सीमा प्रौढांच्या. मुलांमध्ये हा आकडा वयाबरोबर आपला आपण हलतो: पहिल्या वाढदिवसानंतर उतरत जातो, पाच-सहा वर्षांच्या सुमाराला सगळ्यात खाली असतो आणि मग पुन्हा चढायला लागतो. म्हणून मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळे तक्ते असतात. जागतिक आरोग्य संघटनेचा ५ ते १९ वर्षांचा तक्ता २००७ चा आहे. त्या तक्त्यावर पंधरा वर्षांच्या मुलाला १७.४ म्हणजे सडपातळ, पण ठीक. काट्याने त्याला प्रौढांच्या फुटपट्टीला लावलं आणि निळा करून टाकला.

उलट बाजूची चूक तर याहून वाईट. सात वर्षांच्या मुलाचा बीएमआय २० आला तर हा काटा हिरवी पट्टी दाखवेल. त्या वयाच्या तक्त्यावर २० म्हणजे लठ्ठपणाची रेषा ओलांडलेली. म्हणजे ज्या आई-बापांनी खरंच डॉक्टरकडे जायला हवं त्यांना हा ‘सगळं छान’ म्हणून घरी बसवणार, आणि ज्या पोराला काही झालेलं नाही त्याला आरशासमोर उभं करणार.

आता धाकटीचा लाल. चरबी काटा कशी मोजतो? मोजत नाही, अंदाज करतो. अनवाणी उभं राहिलं की त्या धातूच्या पट्ट्यांतून अगदी क्षीण वीज एका पायातून वर जाते आणि दुसऱ्या पायातून उतरते. (पेसमेकर असलेल्यांनी त्यावर उभं राहू नये, हेही त्याच बारीक अक्षरांत आहे.) पाणी आणि स्नायू वीज सहज जाऊ देतात, चरबी अडवते. किती अडली ते बघून, त्यात वय, उंची, वजन घालून एक सूत्र चरबीचा आकडा काढतं. वीज बहुतेक पायांतूनच फिरते, कमरेच्या वरचं बरंचसं अंदाजाने. आणि वाढत्या मुलांच्या अंगात पाण्याचं आणि हाडांचं प्रमाण मोठ्यांसारखं नसतं, त्यामुळे मोठ्यांवर बेतलेलं सूत्र तिथे घसरतं. एका मापाच्या कागदी फर्म्यावर सगळ्यांचे कपडे बेतावेत तसं.

थोरल्याने याची खातरजमा केली, त्याच्या पद्धतीने. स्वतःच्या खात्यात वय १५ चं ४० केलं आणि पुन्हा उभा राहिला. मधल्या दोन मिनिटांत त्याने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं, पण चरबी चार टक्क्यांनी वाढली. मग पाय ओले करून उभा राहिला, आकडा तिसराच. “आई, हा काटा फेकतोय,” असं म्हणाला. फेकतोय हाच शब्द बरोबर.

पण बारा वर्षांच्या मुलीला सूत्र समजावून लाल रंग पुसला जात नाही.

पुढचे पंधरा-वीस दिवस ती काट्यावर किती वेळा चढत होती ते मला अॅपमुळेच कळलं. सकाळी, शाळेतून आल्यावर, रात्री झोपताना. सगळ्या नोंदी तारीख-वेळेसकट माझ्या फोनवर. एका रात्री ती रडत आली. सकाळी ४४.१ होते, रात्री ४५.०. दिवसात नऊशे ग्रॅम! “मी रात्री जेवलेच नसते,” म्हणाली. माझ्या पोटात खड्डा पडला तो त्या वाक्याने.

मी तिला काही बोलले नाही. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरून आणली आणि म्हटलं, चढ. ४५.०. आता ही पी आणि चढ. तिने घटाघटा प्यायली, चढली. ४५.५. तिने बाटलीकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे तिला शाळेत शिकवलेलं होतं, पण ते पोटात गेलं तरी तेवढंच असतं हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. “म्हणजे मी आत्ता अर्धा किलो जाड झाले?” असं विचारून ती हसायला लागली. पुन्हा बाटली भरून आणली, या वेळी दादाला प्यायला लावली. रात्री साडेदहाला आमच्या घरात पाणी पिऊन वजन वाढवण्याची स्पर्धा चालली होती. थोरला जिंकला आणि रात्री तीनदा उठला.

दुसऱ्या दिवशी मी काट्याच्या बॅटऱ्या काढून शिवणाच्या डब्यात ठेवल्या. ह्यांना हव्या तेव्हा ते मागून घेतात, आठवड्यातून एकदा. तसंही एवढं पुरतं.

त्याच आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांच्याकडेही काटा होता, साधा, आणि त्याचा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला नाही, हे मी टिपलं. उंची घेताना मात्र त्यांनी वेळ घेतला: चपला काढा, केसांची क्लिप काढा, टाचा भिंतीला, नजर समोर. उंची घेण्याची ही रीत मला पटली. आम्ही घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करतो त्यात क्लिपसकट दोन-तीन वर्षं गेली असणार. मग त्यांनी तिच्या जुन्या फायलीतल्या नोंदी तक्त्यावर ठिपक्यांनी मांडल्या आणि ठिपके जोडले. रेष सरळ आपल्या पट्ट्यातून वर चाललेली. “एखादा ठिपका मला काही सांगत नाही,” त्या म्हणाल्या, “रेषेने पट्टा सोडला की मी विचार करते.”

त्यांनी जे सांगितलं ते असं. वयात येण्याआधी मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. मग एक झेप येते, मुलींना साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलग्यांना दोनेक वर्षं उशिरा, आणि त्या काळात वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरसुद्धा होतात. वजन त्याबरोबर वाढायलाच हवं. काही मुलींचं अंग उंचीच्या आधी भरतं. या वयात मुलींमध्ये चरबीचं प्रमाण वाढतं आणि मुलग्यांमध्ये स्नायूंचं, हे शरीराचं काम चाललेलं असतं, बिघाड नाही. वजन खरंच जास्त असलेल्या मुलांनासुद्धा त्या बऱ्याचदा किलो उतरवायला सांगत नाहीत. आहे तिथे धरून ठेवा आणि उंची वाढू द्या, असं सांगतात. अर्थात ते वय आणि तक्ता बघून, त्यांच्या देखरेखीखाली. घरच्या घरी जेवण तोडणं या वयात अजिबात नाही. आणि घरात कोणाच्याच अंगावरून बोलायचं नाही, थट्टेतसुद्धा. इथे ह्यांनी खाली मान घातली, कारण ‘गोलू’ हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

मग त्यांनी वजन सोडून सगळं विचारलं. किती झोपते? (तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास, सहा ते बारा वयाला नऊ ते बारा. थोरल्याचे साडेसहा निघाले. त्याला वाटलं होतं आज आपली पाळी नाही.) काय खेळते? धाप लागेल असं दिवसात किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांत ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं सांगितली आहेत, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस जोरकस, हाडांवर आणि स्नायूंवर भार येईल असं: धावणं, उड्या, चढणं. एकाच वेळी साठ मिनिटं हवीत असं नाही, तुकड्यातुकड्यांत झाली तरी चालतात. २०१६ सालच्या जगभरातल्या आकड्यांत ११ ते १७ वयाची पाचातली चार मुलं एवढंही हलत नव्हती. माझी दोघं त्या चारांत आहेत हे मला तक्त्याशिवाय कळत होतं.

काट्याच्या तेरा आकड्यांत यातलं काहीही नाही, हे मला बाहेर पडताना जाणवलं. मूल किती झोपलं, किती पळालं, जिना चढून धापा टाकते की नाही, यातलं एकही त्याला माहीत नाही, आणि त्यावर ‘शरीराचं वय’ सांगतो!

पुढे काय झालं तेही लिहिते, म्हणजे कोणाला वाटायला नको की सगळं छान जुळून आलं. मी तिला दोरी आणली. पहिल्या दिवशी न अडखळता चौदा उड्या, दहाव्या दिवशी एकसष्ट, बाराव्या दिवशी दोरी खिळ्याला टांगली गेली ती अजून तिथेच आहे. सायकल थोरल्याने पंक्चर करून ठेवली होती. मग एक दिवस मी खाली मशिनवर बसले असताना डोक्यावर धबधब आवाज यायला लागला. वरच्या खोलीत दार लावून ती आणि तिची मैत्रीण नाचत होत्या. आता जवळजवळ रोज होतं ते, पाऊण तास, कधी जास्त. छताखालची ट्यूबलाइट थरथरते. मी वर जाऊन बघत नाही, दार वाजवत नाही, आणि त्याला ‘व्यायाम’ असं चुकूनही म्हणत नाही. खाली येते तेव्हा केस कपाळाला चिकटलेले असतात आणि बोलताना दम लागलेला असतो. उड्या झाल्या, धाप झाली, बाईंची यादी पुरी झाली. थोरला रात्री फोन माझ्याकडे देऊन झोपतो, आठवड्यातून पाच दिवस तरी.

पाचव्या महिन्यात कुतूहल म्हणून बॅटऱ्या घातल्या आणि तिला विचारून तिचं वजन घेतलं. ४६.६. अॅपने लगेच तक्ता काढला: ‘२.६ किलो वाढ. आपण उद्दिष्टापासून दूर जात आहात.’ उद्दिष्ट! ते कोणी ठरवलं होतं? शोधलं तर पहिल्या रविवारी खातं उघडताना अॅपने स्वतःच ४२ किलो भरून ठेवलेलं, आणि ह्यांनी न बघता ‘पुढे’ दाबलेलं. आणि उंची? ती त्याने पाच महिन्यांत एकदाही विचारली नाही. त्याच्या लेखी ती अजून १४९ च. चौकटीवरची खूण, या वेळी क्लिप काढून, १५२.५. नव्या उंचीने गणित केलं तर बीएमआय १९.८ चा २०.० झालेला, म्हणजे होती तिथेच आहे. वाढतं मूल काट्यावर उभं आहे आणि काटा उंची विचारत नाही! शिकाऊ मुलीने गेल्या वर्षीच्या मापावर कापड बेतलं तर मी तिला परत घरी पाठवीन.

सेवा केंद्राला लिहिलं. लहान मुलांच्या खात्यात फक्त वजन दिसेल अशी सोय करता येईल का, उद्दिष्ट काढता येईल का, आणि मुलीचं खातं पुसायचं तर तिची जन्मतारीख आणि नोंदी तुमच्याकडून जातात का, असे तीन प्रश्न विचारले. उत्तर आलं: ‘कृपया अॅप अद्ययावत करा.’ केलं. एक नवा आकडा वाढला, चौदावा. शेवटी थोरल्याने दोघांची खाती काढून टाकली. खातं नसलेल्या पाहुण्यासाठी वेगळं बटण आहे, त्यात फक्त वजन दिसतं, रंग नाही, नोंद नाही. कोणाला घरात मुलांचं वजन बघायची गरजच पडली, औषधाचं प्रमाण ठरवायला वगैरे, तर ते बटण वापरा.

गुण द्यायचे तर वजनकाटा म्हणून पाचपैकी चार. मोठ्या माणसाने स्वतःच्या वजनाचा कल बघायला घेतला तर ठीकच. ह्यांचे साडेचार किलो उतरले आहेत, त्यातलं श्रेय काट्याला किती आणि सकाळच्या चालण्याला किती ते सोडा. मुलांसाठी पाचपैकी शून्य. घरात शाळकरी मुलं असतील तर साधा काटा घ्या, किंवा काहीच घेऊ नका आणि भिंतीवर चांगली मोजपट्टी लावा.

आमचा काटा सध्या माझ्या शिवणयंत्राखाली असतो. गठ्ठे मोजायला उत्तम.

परवा धाकटी निळी पॅन्ट घेऊन आली, आखूड झाली म्हणून. वाढत्या पोरांचं शिवताना मी खाली दोन इंच माया सोडते, आत दुमडून. एक इंच फेब्रुवारीत उसवला होता, उरलेला परवा उसवला. जुनी घडी होती तिथे गडद निळी रेघ राहिली आहे, इस्त्रीने जाईना. तिला चालते म्हणाली, आणि पॅन्ट घालून वर गेली. थोड्या वेळाने ट्यूबलाइट थरथरायला लागली.